घोरासुराची बखर

आमच्या मिरजेच्या घरी बाबांच्या घोरण्याला 'पंढरपूर पॅसेंजर' असं नाव होतं. लहानपणी मिरजेहून पंढरपूरला नॅरो गेजची गाडी जायची. ती जशी धापा टाकत जायची, मध्येच थांबायची आणि एक हिसका देऊन पुन्हा निघायची, अगदी तसंच बाबांचं घोरणं. पाहुणे मुक्कामाला आले की आई आधीच सांगून ठेवायची, "रात्री गाडी जाईल हं, दचकू नका." सगळे हसायचे. बाबाही हसायचे. पण त्या गाडीचं 'मध्येच थांबणं' हीच खरी काळजी करण्यासारखी गोष्ट होती, हे कळायला मला पस्तिशी गाठावी लागली.

दोन वर्षांपूर्वी आई-बाबा सहा महिने आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते. आमची दीड वर्षांची लेक आजोबांशिवाय झोपेना, म्हणून तिचं पाळणाघर बाबांच्या खोलीत हललं आणि सोबत बेबी मॉनिटरही गेला. एका रात्री क्लायंटच्या रिलीजसाठी मी जागा होतो. टेबलावर एकीकडे लॅपटॉप, दुसरीकडे मॉनिटर. पॅसेंजर नेहमीच्या वेगानं चालली होती. मग ती थांबली. मी स्क्रीनवरून नजर काढली नाही, पण शांतता जरा जास्तच लांबली तेव्हा कान टवकारले. वीस सेकंद... पंचवीस... तीस... मी खुर्चीतून उठलो, तेवढ्यात बुडणारा माणूस पाण्यावर येऊन घेतो तसा एक मोठा श्वास मॉनिटरमधून ऐकू आला आणि गाडी पुन्हा सुरू! त्या रात्री रिलीजपेक्षा मी या थांब्यांकडेच जास्त लक्ष दिलं. सवयीप्रमाणे एक्सेल शीट उघडली. एका तासात बावीस थांबे.

सकाळी चहा घेताना विचारलं, "बाबा, झोप लागली का नीट?"

"अरे, ढाराढूर झोपलो!" बाबा म्हणाले. आणि ते अगदी मनापासून सांगत होते.

आता दुसरा धागा. बाबांना सतरा वर्षांचा मधुमेह. आधी गोळ्या, मग इन्सुलिन. त्यांची एक जुनी तक्रार होती. "रात्री साडेआठला एक भाकरी नि भाजी खाऊन झोपतो. मग सकाळी उपाशीपोटी साखर रात्रीपेक्षा जास्त कशी?" आमच्या घरात या प्रश्नाला एकच उत्तर होतं : तुम्ही रात्री उठून डबे उघडता! दिवाळीच्या दिवसांत तर आई बेसनाचे लाडू मोजून ठेवायची. मीही मागे नव्हतो. एकदा इथून फोनवर मी त्यांना चक्क रागावलो, "बाबा, आकडे खोटं बोलत नाहीत." ते एवढंच म्हणाले, "आकडे नसतील बोलत, पण मीही नाही रे बोलत." आणि फोन आईकडे दिला.

घोरणं आणि साखर या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. खरं सांगायचं तर जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांच्या डोक्यातही ते फार उशिरा आलं. ते कसं आलं, याचीच ही बखर. मी डॉक्टर नाही, कम्प्युटर इंजिनिअर आहे. पण एखादा बग सापडला की तो सिस्टिममध्ये कधी शिरला आणि इतकी वर्षं कुणाला दिसला कसा नाही, हे शोधल्याशिवाय आमच्या जातीला चैन पडत नाही. तेव्हा वैद्यकीय मंडळींनी सांभाळून घ्यावं.

सुरुवात आपल्याकडूनच करू. चरकसंहितेत प्रमेहाची कारणं सांगताना दही, गूळ, नवं धान्य यांच्याबरोबर बसून राहण्याचं सुख आणि झोपेचं सुख हीही कारणं दिली आहेत. गंमत म्हणजे त्याच ग्रंथात शरीराला आधार देणाऱ्या तीन खांबांमध्ये झोपेची गणना आहे. म्हणजे झोप हवी, पण तिच्यात लोळणं नको. निरीक्षण बारीक होतं. साखरेचा रोगी पेंगलेला दिसतो, हे जुन्या वैद्यांनी बरोबर हेरलं होतं. पण यातून पुढे जो लोकसमज पक्का झाला तो असा, की हा माणूस आळशी, लोळतो फार, म्हणून त्याला हे झालं. तो रात्री झोपतच नसेल, अंथरुणात पडून नुसता श्वासासाठी झगडत असेल, ही शंका यायला पुढे दोन हजारांच्या आसपास वर्षं गेली.

पश्चिमेकडेही वेगळं काही नव्हतं. तिथे घोरासुराला चेहरा दिला तो चार्ल्स डिकन्सनं. १८३६-३७ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या 'पिकविक पेपर्स' या कादंबरीत जो नावाचा एक गुबगुबीत पोऱ्या आहे. सतत खातो आणि उभ्या उभ्यासुद्धा झोपतो. वाचक पोट धरून हसले. डॉक्टर मंडळींनाही तो इतका आवडला की शंभरेक वर्षांनी त्यांनी एका आजारालाच त्या कादंबरीचं नाव देऊन टाकलं.

ही गोष्ट १९५६ सालची, बोस्टनची. बरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. गृहस्थ एक्कावन्न वर्षांचे, धंद्यात मोठ्या हुद्द्यावर, वजन दोनशे साठ पौंडांच्या वर. दिवसा कुठेही डोळा लागायचा, पण ते दवाखान्यात गेले नव्हते. आठवड्याच्या पोकरच्या बैठकीत एकदा त्यांच्या हातात तीन एक्के आणि दोन राजे आले. पत्ते खेळणाऱ्यांना सांगायला नको, असा हात रोज येत नाही. आणि हे महाशय तो हात धरूनच झोपी गेले! डाव गेला. तेव्हा कुठे त्यांना वाटलं, आपलं काहीतरी बिघडलंय, आणि ते हॉस्पिटलात दाखल झाले. डॉक्टरांनी या दुखण्याला 'पिकविकियन सिंड्रोम' म्हटलं.

माझ्या मते इथेच मोठी चूक शिरली, आणि ती दुहेरी होती. एक म्हणजे, अतिलठ्ठपणामुळे श्वास उथळ होतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि त्यामुळे झोप येते, असं निदान झालं. या माणसाला रात्री काय होतं, हे कुणी पाहिलंच नाही. रुग्ण तपासायचा तो जागा असताना, हाच तेव्हाचा रिवाज. दुसरी चूक अधिक दूरवर जाणारी. या आजाराचं चित्र म्हणून एक जाडजूड माणूस सगळ्यांच्या डोक्यात कायमचा जाऊन बसला. आमचे बाबा तसे सडसडीत. त्या चित्रात ते कधी बसलेच नसते.

रात्री काय होतं हे पाहायला आधी झोप हा अभ्यासाचा विषय व्हावा लागला. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखवलं की झोप म्हणजे नुसतं स्विच ऑफ नव्हे. तिच्यात डोळे वेगानं हलण्याचा, स्वप्नांचा एक वेगळा टप्पा असतो. मग मेंदूच्या लहरी रात्रभर कागदावर नोंदवणं सुरू झालं. १९६५ मध्ये फ्रान्समध्ये मार्सेला गास्तो आणि सहकाऱ्यांनी, तर जर्मनीत युंग आणि कूलो यांनी 'पिकविकियन' रुग्णांना झोपवून त्यांचा श्वासही नोंदवला. आणि कागदावर स्पष्ट दिसलं की यांचा श्वास रात्री पुन्हा पुन्हा चक्क बंद पडतो. घसा आतून मिटतो. छाती ओढ घेते, पण हवा आत जात नाही. मग मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, घसा उघडतो, मोठा श्वास, पुन्हा झोप, पुन्हा बंद. झोपणाऱ्याला सकाळी यातलं काहीही आठवत नाही. म्हणून आमचे बाबा 'ढाराढूर'.

अमेरिकेत हे ज्ञान रुजवलं ते कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डनं. विल्यम डिमेंट यांनी तिथे १९७० मध्ये झोपेच्या आजारांचं क्लिनिक सुरू केलं. १९७२ मध्ये क्रिस्तियान गियमिनो हे फ्रेंच डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. झोपेच्या तपासणीत मेंदूबरोबर हृदय आणि श्वास यांचीही नोंद झालीच पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या गटानं १९७६ मध्ये या आजाराला 'स्लीप ॲप्निया' या नावानं बांधून दिलं आणि मोजमाप ठरवलं : किमान दहा सेकंद श्वास थांबला तर तो एक थांबा, आणि सात तासांच्या झोपेत असे तीस थांबे झाले तर तो आजार. त्यांनी आणखी एक गोष्ट ठासून सांगितली. हा आजार लठ्ठ नसलेल्यांनाही होतो. बखरीतलं हे वाक्य मी जाड अक्षरात लिहिलं असतं, कारण पुढची कितीतरी वर्षं ते कुणी नीट वाचलंच नाही.

निदान झालं, पण उपाय काय? तेव्हाचा खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला भोक पाडणं. दिवसा ते बंद ठेवायचं, रात्री उघडायचं. साहजिकच लोक पळून जायचे. अशाच एका नाखूष रुग्णामुळे जून १९८० मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीला कॉलिन सलिव्हन यांनी एक प्रयोग केला. व्हॅक्यूम क्लीनरचा ब्लोअर, त्याला नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मुखवटा. हवेच्या हलक्या दाबानं घसा आतून उघडा राहील, असा हिशेब. यापूर्वी टोरांटोला असताना त्यांनी कुत्र्यांच्या श्वासावर काम केलं होतं, त्यामुळे मुखवट्यांचा हात बसलेला होता. रुग्ण रात्रभर शांत झोपला! १९८१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पाच रुग्णांवरचा हा अनुभव छापून आला. आज ज्याला आपण सीपॅप मशीन म्हणतो त्याचा जन्म असा घर झाडायच्या यंत्रातून झाला. (जुगाड ही काही एकट्या भारताची मक्तेदारी नाही!)

तरीही हा आजार दुर्मिळ आहे असाच समज होता. तो मोडला विस्कॉन्सिननं. टेरी यंग आणि सहकाऱ्यांनी तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांना, म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्या नोकरदारांना, रात्रभर झोपवून तपासलं. तीस ते साठ वयाच्या ६०२ जणांचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले. २४ टक्के पुरुषांत आणि ९ टक्के स्त्रियांत तासाला पाच किंवा अधिक वेळा श्वास अडत होता. घोरासुर एकटा नव्हता, त्याची फौजच होती.

आता साखरेकडे वळू. इतकी वर्षं छातीचे डॉक्टर आणि मधुमेहाचे डॉक्टर एकाच इमारतीत वेगवेगळ्या मजल्यांवर बसत होते. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन टीम, दोन डेटाबेस आणि मध्ये इंटरफेसच नाही! ॲप्नियाच्या रुग्णांत मधुमेह जास्त दिसतो, हे लक्षात येत होतं. पण त्यावर सोपं उत्तर तयार असायचं : दोन्ही लठ्ठपणामुळे होतं, मग त्यात विशेष ते काय?

हे उत्तर अपुरं आहे, हे पुन्हा शिकागोनंच दाखवलं. १९९९ मध्ये स्पीगेल, लेप्रू आणि ईव्ह व्हान काउटर यांनी अकरा तरुण, निरोगी मुलांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. मग शिरेतून साखर देऊन शरीर ती किती वेगानं संपवतं हे मोजलं. भरपूर झोप मिळाल्यानंतरच्या तुलनेत हा वेग सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला होता. एका आठवड्यात! यात कुणी लाडू चोरून खाल्ले नव्हते.

पण ही कमी झोपेची गोष्ट झाली. बाबा तर आठ तास झोपतात. तिथे उपयोगी पडतो त्याच विद्यापीठातला २००८ सालचा प्रयोग. एसरा तसाली आणि सहकाऱ्यांनी नऊ निरोगी तरुणांना पूर्ण वेळ झोपू दिलं, पण गाढ झोप लागू लागली की स्पीकरवरून असा आवाज करायचा की ती झोप उथळ होईल, पण माणूस जागा होणार नाही. तास तेवढेच, फक्त गाढपणा हरवलेला. तीन रात्रींत त्यांच्या शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुमारे पाव हिश्शानं घटला. त्या प्रयोगात जे काम स्पीकरनं केलं, ते बाबांच्या बाबतीत त्यांचा घसा रोज करत होता.

मधल्या काळात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये नरेश पंजाबी यांनी ॲप्नियावरच नेम धरला होता. २००२ मध्ये दीडशे पुरुषांवर आणि २००४ मध्ये अडीच हजारांहून जास्त लोकांच्या माहितीवर त्यांनी व सहकाऱ्यांनी दाखवलं, की वजनाचा परिणाम हिशेबातून वजा केला तरी श्वास अडणं आणि साखर बिघडणं यांचं नातं उरतंच.

हे होतं कसं? समजा एक सर्व्हर आहे. तो तासाला तीस वेळा दहा-वीस सेकंदांसाठी बंद पडतो आणि आपोआप रीस्टार्ट होतो. सकाळी तुम्ही डॅशबोर्ड बघता, तर सर्व्हर चालू! पण प्रत्येक रीस्टार्टला आतमध्ये आणीबाणी जाहीर झालेली असते. शरीरातही तसंच. श्वास थांबला की रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, ॲड्रेनलिनसारखी द्रव्यं सुटतात. त्यांचा निरोप एकच : वाघ मागे लागलाय, पळ! पळायला इंधन हवं, म्हणून यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं आणि स्नायू इन्सुलिनचं ऐकेनासे होतात. वाघ कुठेच नसतो. माणूस अंथरुणात असतो, आणि साखर रक्तात. सकाळची साखर वाढलेली असण्याची इतरही कारणं असतात, पण डबा न उघडताही ती वाढू शकते, हे नक्की.

२००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं सांगितलं, की या दोन्हींपैकी एक आजार दिसला तर डॉक्टरांनी दुसऱ्याचाही विचार करावा. आणि २००९ मध्ये अमेरिकेतल्या ३०६ लठ्ठ मधुमेहींच्या तपासणीत ८६ टक्क्यांहून अधिक जणांना ॲप्निया निघाला. बहुतेकांना त्याची कल्पनाही नव्हती.

"सगळे लठ्ठच ना? मग आपला काय संबंध?" असं मला माझ्याच एका मित्रानं विचारलं. म्हणून आता थोडं घराकडे.

२००४ हे साल आपल्यासाठी मोठं आहे. त्या वर्षी मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी शहरातल्या मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९.५ टक्क्यांचा श्वास झोपेत अडत होता आणि ७.५ टक्क्यांना त्यासोबत दिवसा पेंग येणारा पूर्ण आजार होता. विस्कॉन्सिनच्या पुरुषांत हाच दुसरा आकडा ४ टक्के होता. मुंबईच्या अभ्यासात श्वास अडण्याशी जोडलेल्या मुख्य गोष्टी तीन निघाल्या : वजन, मानेचा घेर आणि मधुमेह. म्हणजे मला न्यू जर्सीत बेबी मॉनिटरवर जे कळलं, ते मुंबईत कितीतरी वर्षं आधी छापून आलं होतं!

त्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये एक फोटो आला. दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे : पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी एक, २२.३. दोघेही दिसायला बारीक. पण युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के! डॉ. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास चालवला होता. आपली बाळं जन्मतःच वजनानं कमी, पण चरबीनं तुलनेत पुढे असतात, हे त्यातून दिसलं. वरून हडकुळा, आतून लठ्ठ. वजनकाट्याला हे कळत नाही.

इथे, अमेरिकेत, २०१० पासून सॅन फ्रान्सिस्को बे एरिया आणि शिकागो भागातल्या दक्षिण आशियाई लोकांचा 'मसाला' नावाचा अभ्यास सुरू झाला. (नाव कुणी ठेवलं त्याला माझा दंडवत.) त्यातूनही आपल्यात मधुमेहाचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा बरंच जास्त असल्याचं दिसलं. २०१५ मध्ये अमेरिकन डायबिटीस असोसिएशननं आशियाई अमेरिकनांची साखर तपासण्यासाठी बीएमआयची मर्यादा २५ वरून २३ वर आणली. साखरेवाल्या टीमनं निदान आपल्यासाठी कॉन्फिगरेशन बदललं.

झोपेवाल्या टीमचं काय? ॲप्नियाचा धोका ओळखायला जगभर वापरली जाणारी आठ प्रश्नांची यादी आहे, 'स्टॉप-बँग'. टोरांटोच्या फ्रान्सिस चुंग आणि सहकाऱ्यांनी ती २००८ मध्ये भूल देण्याआधीच्या तपासणीसाठी केली. यादी चांगलीच आहे. पण तिच्यातला एक प्रश्न आहे : बीएमआय ३५ च्या वर आहे का? ३५! आपल्यात तो किती जणांचा असणार? पोकर खेळणारे बोस्टनचे ते गृहस्थ अजून त्या यादीत बसलेले आहेत.

हे मी तात्त्विक सांगत नाही. बाबा परत गेल्यावर माझीही वार्षिक तपासणी झाली. बीएमआय २४, आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.०, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. ती यादी मी भरली. घोरतो, पुरुष आहे. दोन गुण, धोका कमी. दिवसा थकवा येतो का, याला मी 'नाही' लिहिलं होतं. सोमवारी पहाटेचं विमान, चार रात्री हॉटेल, गुरुवारी रात्री परत, हे ज्याचं आयुष्य आहे तो थकवा कशाला म्हणणार? शेवटी बायकोनं डॉक्टरांना सांगितलं, "हे झोपेत श्वास घ्यायचे थांबतात. मी कोपरानं ढोसते, मग घेतात." एका वाक्यात निम्मं निदान! घरी करायच्या यंत्रानं तपासणी झाली. (२००८ पर्यंत मेडिकेअर सीपॅपसाठी लॅबमधल्या रात्रीच्या चाचणीचाच आग्रह धरायचं. त्या वर्षी त्यांनी घरची चाचणी मान्य केली.) माझे थांबे निघाले तासाला १४.

बाबांची व्हिजिटर इन्शुरन्सवर इथे तपासणी होणं शक्य नव्हतं. 'आधीपासूनचा आजार' म्हटलं की ते हात वर करतात. पुण्याला गेल्यावर झाली. तासाला ३८ थांबे.

आता तुम्ही म्हणाल, मुखवटा लावला आणि साखर उतरली, संपली बखर! तसं झालं असतं तर मलाही आवडलं असतं. पण २००७ मध्ये इंग्लंडमध्ये ४२ मधुमेही पुरुषांवर खऱ्या आणि खोट्या सीपॅपचा तीन महिने प्रयोग झाला आणि साखरेच्या सरासरीत फरक पडला नाही. नंतरच्या मोठ्या प्रयोगांतही निराशाच झाली. मग २०१५ मध्ये शिकागोला एक वेगळा प्रयोग झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना दोन आठवडे लॅबमध्येच झोपवून, डोळ्यांदेखत पूर्ण आठ तास मशीन लावलं. तेव्हा मात्र साखर सुधारली. घरी लोक काय करतात? मध्यरात्री मुखवटा काढून फेकतात. आणि स्वप्नांची झोप, जिच्यात घसा सर्वांत जास्त सैलावतो, ती तर पहाटे जास्त असते. म्हणजे चोर पहाटे येतो आणि पहारेकरी तीनलाच घरी जातो.

उपायांची बखर अजून चालूच आहे. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीला आतल्या फोमच्या दोषामुळे लाखो मशिनं परत मागवावी लागली. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं टिर्झेपटाइड हे इंजेक्शन लठ्ठपणासह ॲप्निया असलेल्या प्रौढांसाठी मंजूर केलं. हे औषध मुळात मधुमेहासाठी बाजारात आलं होतं. दोन मजल्यांवरच्या दोन टीम अखेर एकाच औषधाच्या बाटलीत भेटल्या म्हणायच्या. पण तिथेही अट लठ्ठपणाचीच आहे. जो अजून पाठ सोडत नाही.

बाबांची साखर जादूनं उतरली नाही. सकाळचा आकडा पूर्वीपेक्षा बरा असतो. पण दिवसा पेंग येत नाही म्हणून ते आता रोज संध्याकाळी तासभर चालतात. दोन बदल एकाच रिलीजमध्ये गेले. फरक कशानं पडला हे कोणता इंजिनिअर सांगणार? एवढं खरं, की दुपारी पेपर वाचताना त्यांची मान छातीवर पडत नाही आणि स्कूटर चालवताना आईला धाकधूक वाटत नाही.

मंडळी, सल्ला द्यायचा माझा अधिकार नाही. पण एक विनंती आहे. आपल्या घोरण्याचा साक्षीदार आपण कधीच नसतो. शेजारी झोपणारं माणूस असतं. त्याला किंवा तिला विचारा, "मी मध्येच थांबतो का?" तिकडे आई-बाबांना फोन कराल तेव्हा साखर किती, यासोबत झोपेचंही विचारा, आणि बाबांच्या झोपेचं आईला विचारा. उत्तर मिळालं की ते आपल्या डॉक्टरांना सांगा, वजन कितीही असो.

यंदा नरकचतुर्दशीला पहाटे आईनं व्हिडिओ कॉल लावला. बाबा पाटावर बसलेले, अंगाला उटणं, पायाखाली चिरडलेलं कारीट. रात्रीच्या मुखवट्याचे पट्टे गालांवर अजून उमटलेले होते. मी विचारलं, "काय बाबा, पॅसेंजर?"

"ती बंद झाली रे," बाबा म्हणाले. "लाइन आता ब्रॉडगेज केली!"

सगळे हसले, मीही हसलो. मग आईनं फराळाचं ताट पुढे आणलं. बाबांनी एक लाडू उचलला, अर्धा मोडून परत ठेवला आणि सवयीनं कॅमेऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "खा ना बाबा." डब्यातल्या लाडवांचा हिशेब मी आता विचारत नाही. सतरा वर्षं जे खोटं वाटत होतं, ते खरंच होतं, एवढं त्यांना सांगायचं राहून गेलं होतं. तेही त्या दिवशी सांगून टाकलं.